बघितलंस की ऐकलंस?

घरत मॅडम गेल्याचं मला आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. ऑफिसात जेवायच्या सुट्टीत डबा उघडला आणि फोन वाजला. ‘झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही,’ असं कुणीतरी लिहिलं होतं. पहिला विचार काय आला सांगू? ही बाई जन्मभर एकेका गोष्टीला घाबरली, आणि सगळं जग ज्याला घाबरतं त्याला घाबरायला तिला वेळच मिळाला नाही. बरं झालं, असंच वाटलं. मग मी डबा बंद केला.

पनवेलच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात त्या आम्हाला ऑपरेशन्स शिकवायच्या. म्हणजे कंपनीत माल कुठून येतो, कुठे अडतो, कोण काय काम करतं आणि कोण नुसतंच करतंय असं दाखवतं, ते सगळं. त्याआधी त्यांनी न्हावा शेवाजवळच्या एका कंटेनर यार्डात बरीच वर्षं नोकरी केली होती. माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. ठेंगण्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, चापूनचोपून पिना लावलेली साडी, आणि साडीखाली पांढरे स्पोर्ट्‌स शूज. पहिल्या दिवशी आम्ही ते बूट बघून खिदळलो. त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, “हसा. पण वेळ आली की पळता आलं पाहिजे.”

त्या पहिल्या तासाला त्यांनी काहीच शिकवलं नाही. वर्गात आल्या, दप्तर ठेवलं आणि विचारलं, “या खोलीला दारं किती?”

“दोन,” आम्ही म्हणालो.

“उघडतात किती?”

कुणाला माहीत! मागच्या दाराला कुलूप होतं आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे ते शिपायालाही आठवत नव्हतं. मॅडम खुर्चीत हाताची घडी घालून बसल्या. किल्ली येईपर्यंत शिकवणार नाही म्हणाल्या. पाऊण तास गेला. शेवटी किल्ली सापडलीच नाही, कुलूप तोडलं, दार उघडलं, पलीकडे मोडकी बाकं रचून ठेवलेली. ती आम्हालाच उचलायला लावली. घंटा झाली तेव्हा म्हणाल्या, “आता ही खोली दोन दारांची.” आणि गेल्या.

आमच्या बॅचनं त्यांचं नाव ठेवलं ‘झालं तर’. कारण काहीही सांगायला जा, त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा: “आणि तसं झालं तर?” ट्रक साडेदहाला निघेल, मॅडम. आणि नाही निघाला तर? लाइट गेली तर जनरेटर आहे, मॅडम. आणि जनरेटरला डिझेल नसलं तर? माझा मित्र ओंकार त्यांची हुबेहूब नक्कल करायचा. कँटीनमध्ये चहा मागवला की डोळे मोठे करून म्हणायचा, “आणि चहात माशी पडली तर?” आम्ही पोट धरून हसायचो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!

त्यांची दुसरी खोड रिपोर्टातली. आम्ही कुठल्याही कंपनीत जाऊन काही लिहून आणलं की प्रत्येक वाक्यापुढे कंसात एक अक्षर लिहायचं. स्वतः बघितलं असेल तर ‘ब’. कुणी सांगितलं असेल तर ‘ऐ’. ज्या वाक्यापुढे काही नाही ते वाक्य त्या सरळ खोडायच्या. “बघितलंस की ऐकलंस?” हे त्यांनी मला दोन वर्षांत किती वेळा विचारलं असेल, देव जाणे. आणि तिसरी खोड म्हणजे, कुठूनही निघताना “पोचलीस की कळव.” आमची सगळी नावं त्यांच्या एका छोट्या वहीत होती. ज्याचा मेसेज आला त्याच्यापुढे टिक. मी रोडपालीला राहायची, कॉलेजपासून रिक्षानं फार तर वीस मिनिटं. तरी एकदा कळवायचं विसरले तर आईच्या फोनवर फोन. आई घाबरून म्हणाली, “अगं, काय केलंस तू कॉलेजात?”

दुसऱ्या वर्षी आमचा परदेशी प्रोजेक्ट आला. कॉलेजच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर झळकायचा तो. सहा विद्यार्थी, एक शिक्षक, दहा दिवस, आणि परदेशातल्या खऱ्याखुऱ्या कंपनीला सल्ला द्यायचा. सल्ला कोण देणार? आम्ही! ज्यांना घरी कुणी गॅस बंद करायलाही सांगत नव्हतं. त्या वर्षी श्रीलंकेत नेगोम्बोजवळ एक बर्फाचा कारखाना ठरला. बर्फ बनवायचा, कोळंबी गोठवायची, डब्यात भरून बाहेरगावी पाठवायची. माल वेळेवर निघत नाही, कारण शोधा, असं आमचं काम. सोबत जायला सगळे प्राध्यापक एका पायावर तयार होते. प्रिन्सिपॉलनी घरत मॅडमना पाठवलं, कारण बंदराचं कळणाऱ्या त्या एकट्याच.

विमानात त्या माझ्या शेजारी बसल्या. त्यांचा आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास. समोरच्या खिशातलं सूचनांचं कार्ड त्यांनी तीनदा वाचलं. मग उठून मागच्या दारापर्यंतच्या रांगा हातानं मोजत गेल्या आणि आम्हा सहाही जणांना मोजायला लावल्या. “धूर झाला तर दिसणार नाही. हातानं मोजायचं,” म्हणाल्या. शेजारचा एक गृहस्थ वैतागून बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विमान उडालं तसा त्यांनी माझा हात धरला आणि कोलंबो येईपर्यंत सोडला नाही. हात बर्फासारखा गार. एरवी वर्गात पुस्तकी मराठी बोलणारी बाई त्या अडीच तासांत हळूहळू आपल्या गावच्या बोलीत उतरली. “नाय गो, मना काय नाय झाला. तू खा, तू खा.” तेव्हा मला कळलं, मॅडम घाबरल्या की त्यांचं गाव बोलायला लागतं.

नेगोम्बोत मात्र उतरल्या आणि खुलल्या. किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी बघून म्हणाल्या, “हे तर आमचं उरणजवळचं करंजाच.” वासासकट. बाजारातल्या कोळणीशी त्यांनी मराठीत घासाघीस केली आणि तिनं तिच्या भाषेत, आणि दोघींना सगळं समजलं.

कारखान्यात आमची वाटणी झाली. मॅडम आणि ओंकार वगैरे माल भरायच्या धक्क्यावर, कारण माल तिथेच अडत होता. मी आत. माणसं मोजायची, कोण किती वेळ काय करतं ते दर पाच मिनिटांनी टिपायचं. पॅकिंगच्या हॉलमध्ये चाळीसेक बायका, डोक्याला टोप्या, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. गारठ्यात उभ्या राहून कोळंबी निवडायच्या आणि सारख्या हसायच्या. माझे पाय काकडलेले बघून एकीनं स्वतःचे जादा मोजे काढून दिले. त्या हॉलच्या भिंतीला लागून मशीनची खोली. तिथे जाड पाइप, चाकं फिरवायचे व्हॉल्व, आणि एक म्हातारा. त्याचं नाव सिरिल. सगळे त्याला सिरिल मामा म्हणत. तिकडेही मामाला मामाच म्हणतात.

हा सिरिल मामा दिवसभर काय करायचा? फिरायचा. खरंच सांगते, मी तीन दिवस घड्याळ लावून बघितलं. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तो छातीवर क्रूसाची खूण करायचा, एक पिवळी कांडी पेटवायचा आणि ती हातात धरून एकेका पाइपापुढे थांबत, पुटपुटत, सगळ्या खोलीला फेरी घालायचा. मग खुर्चीवर बसायचा. मग पुढची फेरी. बर्फाच्या एका लादीला हात लावला नाही, एका कोळंबीला नाही. आता आपल्याकडे सकाळी दुकान उघडलं की मालक गल्ल्याला, तराजूला, फोटोला अगरबत्ती ओवाळतो की नाही? पनवेलच्या बाजारात मी जन्मल्यापासून ते बघत आले. वास जरा उग्र होता, नाकाला झोंबणारा, पण म्हटलं यांच्याकडची अगरबत्ती अशी असेल. मी टिपलं: ‘सिरिल, पूजा, दिवसातून तीनदा. बाकी वेळ रिकामा.’ आणि कंसात ठसठशीत ‘ब’.

चौथ्या दिवशी हॉटेलात मॅडमनी आमचा कच्चा रिपोर्ट वाचायला घेतला. माझं वाक्य होतं, ‘मशीनच्या खोलीतली एक जागा बंद केली तरी चालेल.’ त्यांची पेन्सिल तिथे थांबली.

“हे काय?”

“मॅडम, तो म्हातारा अगरबत्ती फिरवतो. बाकी काही करत नाही.”

“बघितलंस की ऐकलंस?”

“बघितलं! तीन दिवस, माझ्या डोळ्यांनी.”

“त्याला विचारलंस का, कशासाठी फिरवतो?”

पूजा कशासाठी करता असं कुणी कुणाला विचारतं का? मॅडमनी वाक्यावर रेघ मारली. चेहरा उतरला होता. “काय ते कळलं नाही ना, मग काढायचं नाही. उद्या मी स्वतः बघते.” मला इतका राग आला! सगळ्या रिपोर्टात माझा असा एकच शोध होता, आणि तो या बाईनं भीतीपोटी खोडला. रात्री मी ओंकारला म्हणाले, “हिच्या भित्रेपणानं आपलं वाटोळं होणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर निरोप आला, धाकट्या मालकांना कोलंबोला जायचंय, तुमचं सादरीकरण आत्ताच करा. मॅडमना मशीनच्या खोलीत जायला वेळच मिळाला नाही. धाकटे मालक तरुण, परदेशात शिकून आलेले, वडिलांनी नुकताच कारभार हातात दिलेला. आमचं सगळं ऐकून घेतलं. माल धक्क्यावर का अडतो, गाड्यांच्या वेळा कशा बदलाव्यात, ते ओंकारनं छान सांगितलं. मालक जांभई दाबत म्हणाले, “हे ठीक. पण माणसं कुठे कमी करता येतील? कुणाच्या नजरेला काही आलं का?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत ‘नको’ होतं, मला स्पष्ट दिसलं. आणि तरी माझी जीभ वळवळली. मालकांपुढे हुशारी दाखवायची हौस! मी म्हणाले, “सर, मशीनच्या खोलीत एक जण आहे, तो दिवसभर फक्त अगरबत्ती फिरवतो.”

मालक खो खो हसले. “सिरिल! तो माझ्या वडिलांचा माणूस. नाहीतरी तिथे सेन्सर बसवायचेच आहेत. बरं झालं, बाहेरच्यांनीच सांगितलं.” शेजारी मॅनेजर पेरेरा बसले होते, त्यांनी मान खाली घातली. माझी कॉलर ताठ.

मॅडम उठल्या. काही न बोलता दारातून बाहेर गेल्या. मालक बघतच राहिले. पाच मिनिटांनी परत आल्या त्या दारातच थांबल्या, एका हातानं चौकट धरून. चेहरा पांढराफटक. मला बोलावलं नाही, नुसतं बोट केलं. सगळेच उठलो, मालकसुद्धा.

मशीनच्या खोलीत सिरिल मामा कांडी धरून उभा होता. मॅडमनी माझा दंड पकडून मला पुढे ओढलं. “ही अगरबत्ती हाय? घे वास! घे!” मी वास घेतला. फटाक्याचा, काडेपेटीचा. “गंधक हाय गो तो! गंधक! ह्या पायपांत बर्फ करायचा अमोनिया गॅस हाय. आमच्या गावाजवल बर्फाचा कारखाना होता, तवा मी पोर होते. एक दिस सुटला अमोनिया. मानसा आंधली होऊन पलत होती, कोन समुद्राकडं, कोन रस्त्याकडं. माझ्या आईनं ओला फडका तोंडावर बांधून मना उचलली.”

सिरिल मामाला मराठी कुठलं कळायला? पण त्याला काय चाललंय ते कळलं. त्यानं मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून सांगितलं. गॅसचा वास तर इथे सगळ्यांनाच थोडा थोडा येतो. पण कुठून येतो ते नाकाला कळत नाही, आणि रोजची सवय झाली की येतही नाही. कांडीचा धूर साधा असला तर ठीक. पण सांध्यातून गॅस झिरपत असेल तर धूर एकदम दाट पांढरा होतो. असं म्हणत त्यानं कांडी एका व्हॉल्वजवळ नेली. काही नाही. पुढच्याजवळ नेली. काही नाही. तिसऱ्याजवळ नेली, आणि आमच्या डोळ्यांदेखत कापूस पिंजावा तसा पांढरा धूर उठला.

सिरिल मामा शांतपणे खिशातून खडू काढून त्या व्हॉल्ववर फुली मारत होता, पान्याने नट आवळत होता, आणि पुटपुटत होता. भिंतीच्या पलीकडून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. माझ्या पायात त्यांच्यातल्याच एकीचे मोजे होते.

मालकांनी रुमाल नाकाला लावला. “ठीक आहे, ठीक आहे. सेन्सर येईपर्यंत राहू दे त्याला,” म्हणाले, आणि घड्याळ बघत गाडीकडे गेले.

परतीच्या विमानात मॅडमनी रांगा मोजल्या नाहीत. हातही धरला नाही. मीच शेवटी म्हणाले, “मॅडम, चुकले.” मग बोलल्या, हळू, गावच्याच बोलीत. त्यांच्या यार्डात हिराजी नावाचा एक माणूस होता. ट्रेलर मागे घेताना बाजूला उभं राहून हात दाखवायचा. येऊ दे, येऊ दे, थांब. एवढंच काम. मॅडम तेव्हा तरुण, हुशार, नव्यानं बढती मिळालेली. त्यांनी लिहून दिलं की गाड्यांना आरसे आहेत, भोंगा आहे, ही जागा जास्तीची. साहेब खूश. हिराजी शेतीवर गेला. सतराव्या दिवशी लांबून आलेला एक ड्रायव्हर आपल्या गाडीमागे ताडपत्री बांधत उभा होता, आणि दुसरी गाडी मागे आली, तो तिच्याखाली गेला.

“त्याचा नाव मना त्याच्या गेट-पासवर वाचायला मिळाला. चौकशी झाली. गाडी मागं घेनाऱ्याची चूक, असा लिवला. माझा नाव कुटंच नाय. कोनी एक शब्द बोलला नाय मना. कोनी बोलला असता तर बरा झाला असता, गो.”

म्हणजे आम्ही ज्याची नक्कल करून हसत होतो, ते हे होतं. मला रडू आवरेना. मॅडमनी पदरानं माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, “रडू नको. लक्ष ठेव.”

आणि लक्ष ठेवणं सुरू झालं. दर सोमवारी सकाळी पहिल्या तासाआधी मी स्टाफरूममध्ये जायची आणि मॅडमच्या शेजारी बसून पेरेरांना मेसेज लिहायची: सिरिल मामांची फेरी झाली का? सुरुवातीला उत्तर यायचं, झाली मॅडम, एकदा त्यांनी फोटोही पाठवला, मामा कांडी धरून हसतोय. मॅडमनी तो चष्मा लावून मोठा करून बघितला आणि विचारलं, “हा आजचा की जुना?” पुढे उत्तर नुसतं ‘हो’ झालं. मग अंगठा. मग दोन-दोन दिवस काहीच नाही, आणि ते दोन दिवस मी वर्गात बसून असायची पण कानात त्या हॉलमधलं हसणं. ओंकारनं नक्कल करणं कधी सोडलं ते मला आठवत नाही. एक दिवस त्यानं स्टाफरूममध्ये डोकावून विचारलं, “आलं का उत्तर?” तेव्हा त्याचाही आवाज बारीक झाला होता.

आमची परीक्षा संपली त्या आठवड्यात पेरेरांचा शेवटचा मेसेज आला. सेन्सर बसवले. सिरिल निवृत्त झाला. धन्यवाद. मी उड्या मारत मॅडमकडे गेले. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. “बसवले, म्हणजे हा ‘ऐ’,” म्हणाल्या. “चालतात का, ते कुणी बघितलं?” आम्ही तसं विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग पेरेरांचा नंबरच बंद झाला. कारखान्याच्या नंबरावर मी स्वतः फोन केला, माझं इंग्रजी लटपटलं, तरी सांगितलं की मी चुकीचं बोलले होते, त्या माणसाला परत घ्या. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, सगळं व्यवस्थित आहे, काळजी करू नका. आम्ही काळजी करत राहिलो.

मग मला कळंबोलीत नोकरी लागली. गोदामांची कामं कमी खर्चात कशी होतील ते सांगायची नोकरी, म्हणजे तेच! मॅडम निवृत्त झाल्या. आमचं बोलणं कमी झालं. पण जी फाइल हातात येईल, त्यातली कुठली जागा बंद करायची म्हटलं की मी आधी तिथे जाऊन उभी राहते. साहेब चिडतात. मला ‘घाबरट’ म्हणतात ऑफिसात. म्हणू देत.

कोलंबोचं तिकीट मी मॅडम गेल्याच्या तिसऱ्या दिवशी काढलं. आई म्हणते, आता कशाला, इतक्या वर्षांनी? तिला काय सांगू? मला रोज भीती वाटते. तो कारखाना असेल, बायका हसत असतील, सेन्सरचे हिरवे दिवे चालू असतील, असं मी मनाशी म्हणते. आणि लगेच मागून मॅडमचा आवाज येतो, आणि तसं नसलं तर? मला ते मोजे देणारी बाई कुठे असेल? तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. दर पाच मिनिटांनी टिपत होते, पण नाव विचारलं नाही.

हे सगळं चालू असताना मॅडम मला दिसतात त्या पनवेलजवळ पळस्प्याच्या फाट्यावर, गेल्या वर्षीच्या. मी स्कूटरवरून चालले होते. रस्त्याकडेला पांढरे बूट दिसले आणि ब्रेक मारला. वाळल्या होत्या, साडी अंगावर मोठी झाली होती. हातात भाजीची पिशवी. रस्ता ओलांडायला उभ्या होत्या, आणि इतक्या ट्रेलरमध्ये हिंमत होत नव्हती, असं स्वतःच हसून म्हणाल्या. मी स्कूटर लावली, हात धरून पलीकडे नेलं. हात तसाच गार.

“मामाची फेरी?” त्यांनी विचारलं. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. जणू सोमवारच होता.

“मॅडम, सेन्सर लावलेत ना तिथे. चांगले चालतायत.” मला त्यांना बरं वाटायला हवं होतं.

“बघितलंस की ऐकलंस?”

मी खोटं बोलू शकले असते. “ऐकलं,” मी म्हणाले. “खरं तर ऐकलंही नाही.”

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. “मी गेले असते गो. पन आता डॉक्टर इमानात बसू देत नाय. तू लहान हायस.”

मी काहीतरी पुटपुटले, रजा मिळत नाही वगैरे. त्या ऐकत नव्हत्याच. आमच्या पुढे एका टपरीसमोर एक मोठा ट्रेलर मागे यायला लागला होता, ड्रायव्हर एकटा, मागे भाजीवाल्या बसलेल्या. मॅडमनी पिशवी माझ्या हातात कोंबली. रस्ता ओलांडायला घाबरणारी ती बाई सरळ चालत गेली, ट्रेलरच्या बाजूला, ड्रायव्हरला आरशात दिसेल अशी उभी राहिली आणि तिनं हात वर केला. येऊ दे. येऊ दे. भाजीवाल्या पाट्या उचलून बाजूला झाल्या. थांब! ट्रेलर थांबला.

मी पिशवी घेऊन गेले, ती त्यांनी घेतली आणि मला स्कूटरकडे पिटाळलं. रस्ता पार केला, हेल्मेट घातलं, तेवढ्यात पलीकडून ओरडल्या. गाड्यांच्या आवाजातही ऐकू आलं.

“पोचलीस की कळव, गो!”

मी हात हलवला. रोडपालीत शिरल्यावर सवयीनं फोन काढला, ‘पोचले’ असं लिहिलं, आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं. त्यांना घरी पोचल्याचं नको होतं, तिकडे पोचल्याचं हवं होतं.